पाळण्यातला वरवंटा

आमचे हे कापड गिरणीच्या गोदामावर होते. सुताच्या आणि चादरींच्या गठ्ठ्यांची थप्पी कशी लावायची, हे हमालांना सांगण्यात त्यांची बारा-तेरा वर्षं गेली होती. ते काम अंगात इतकं मुरलं होतं की घरात मी फळीवर डबे लावले की मागून येऊन वरचा खाली आणि खालचा वर करायचे. मला त्याचा भयंकर राग यायचा. स्वयंपाकघर माझं आणि डब्यांवर हुकूम यांचा, हा कुठला न्याय?

त्यात जीप आली. दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती, मंद्रूपच्या आमच्या शेतातल्या विहिरीला पुन्हा पाणी लागलं होतं आणि पहिल्या उसावर यांनी एका सरकारी खात्याच्या लिलावातली जुनी जीप घेतली. मागची समोरासमोरची बाकं काढून टाकली, पुढच्या सीटमागे एक आडवं बाक ठोकून घेतलं आणि त्याच्या मागची सगळी जागा सामानाला ठेवली. वर कॅनव्हासचा हूड. गल्लीतल्या बायका ओवाळायला आल्या तेव्हा हे टेप घेऊन मागची जागा मोजत बसले होते.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. जीपमध्ये साधी पिशवी ठेवली तरी ते ऐकावं लागायचं. "ब्रेक मारला की गाडी थांबती. सामान थांबत न्हाय." दुसरंही एक होतं, ते थप्पीत फट राहिली की यायचं. "हलणारं सामान आदी बोलतंय, मग चालतंय." मी दोन्ही वाक्यं एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून द्यायला शिकले होते. ती सोडून दिली याचा पश्चात्ताप मला पुढे एका सकाळी मोहोळच्या रस्त्यावर झाला.

यांच्या धाकट्या बहिणीला मी वन्सं म्हणायची. वयाने माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण नणंद ती नणंद. तिला टेंभुर्णीला दिली होती. तिचं दुसरं बाळंतपण आमच्याकडे सोलापुरात झालं. खरं तर रीत पहिल्याची. पण पहिल्या वेळी जे झालं त्यानंतर माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, कुणाचं काही ऐकायला तयार नव्हत्या. पहिला मुलगाही आमच्याच घरी झाला होता. गुटगुटीत होता. तीन महिन्यांचा करून त्याला टेंभुर्णीला पाठवलं आणि पंधरा दिवसांत तो गेल्याचं कार्ड आलं. ताप आला होता, एवढंच त्यात लिहिलेलं.

त्या कार्डाबद्दल घरात कोणी बोलत नसे. मी तर नाहीच, कारण मला एक गोष्ट ठाऊक होती. तो मुलगा आमच्या घरी असताना एका सकाळी मी केर काढत होते. वन्सं मोरीत त्याला न्हाऊ घालत होती. पाळणा वाटेत आला म्हणून मी कमरेने ढकलला आणि तो रिकामाच चार-पाच वेळा झुलला. आत्याबाईंनी पाहिलं. "रिकामा पाळना हालवू न्हाय गं," एवढंच म्हणाल्या आणि हाताने धरून थांबवला. मी मॅट्रिक झालेली, मनात हसलेही असेन. मूल गेल्यावर आत्याबाईंनी मला एका शब्दाने काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं, मी भांडून मोकळी झाले असते.

आता दुसरा मुलगा झाला होता. त्याला तिसरा महिना लागला तसं टेंभुर्णीहून बोलावणं आलं. नवा सागवानी पाळणा करून घेतला होता, तो माहेरचा म्हणून बरोबर द्यायचा होता. यावेळी एस. टी. नको, पोराला धक्के नकोत, मी जीपमधनं सोडतो, असं यांनी जाहीर केलं. मला बरोबर चल म्हणाले, वाटेत बाळाला बघायला कोणी हवं म्हणून.

निघायच्या दिवशी सामान भरायला दीड तास लागला. ज्वारीची दोन पोती तळाला, आमच्या बाकाच्या पाठीला चिकटून. त्यांच्यामागे ट्रंक. घंगाळ आणि हंडा गोणपाटात गुंडाळून मधल्या खळग्यात. जिथे फट दिसली तिथे वाकळा कोंबल्या. पाळणा हलका, म्हणून सर्वांत वर, आणि तो यांनी पालथा घातला.

आत्याबाई दारातून म्हणाल्या, "पाळना पालथा घालू न्हाय."

"आई, सुलटा ठिवला तर झुलतोय त्यो."

"सुलटा ठिव."

यांनी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं आणि पाळणा सुलटा केला. चारी कड्यांतून दोर घेऊन हुडाच्या कमानींना बांधला. पोत्यांवर टेकला होता, तरी हात लावला की जरासा झुलायचाच. "तेवढं चालतंय, रिकामाच हाय," असं स्वतःलाच सांगत हे हात धुवायला आत गेले.

तेवढ्यात आत्याबाई पदराखाली काहीतरी घेऊन आल्या. आमच्या पाट्याचा वरवंटा होता तो. बारशाला पाळण्यात आधी वरवंटा घालतात, झबलं-टोपरं चढवून, आणि मग बाळ. महिन्यापूर्वीच्या बारशाला याच वरवंट्याला जे झबलं घातलं होतं, तेच घालून त्यांनी तो आणला होता.

"आत ठिव. दुपट्याखाली," त्या म्हणाल्या. "एवढ्या लांब रिकामा झुलत जायाचा न्हाय. त्याला सांगू नगंस, हसंल न्हाय तर काढून टाकंल. येताना परत आण."

त्या मला विनवत होत्या. त्यांना जन्मात मी असं पाहिलं नव्हतं. रिकाम्या पाळण्याने काही होतं यावर माझा विश्वास नव्हता, पण 'नाही, मी ठेवत नाही' म्हणायची छाती कुणाची होती? निदान माझी नव्हती. मी वरवंटा घेतला. तीन-साडेतीन किलोचा असेल. दुपट्याखाली सारला, कडा खोचल्या आणि बाकावर जाऊन बसले. त्यावेळी भीती एकच होती, यांना कळेल की काय.

फाल्गुन होता, पण सकाळचं वारं अजून अंगाला लागत होतं. जीपला दारं नाहीत, म्हणून वन्सं कान बांधून मागच्या बाकावर माझ्याशेजारी बसली, मूल मांडीवर घेऊन. पुढे यांच्याशेजारी फराळाची टोपली आणि पाण्याचा तांब्या. जकात नाक्याशी यांनी गाडी थांबवली, मान तिरकी करून मागचा कानोसा घेतला आणि म्हणाले, "काय बोलत न्हाय. झकास."

बाळे गाव मागे पडलं. थोडं पुढे गेल्यावर रस्त्यात मेंढरं आली. यांनी ब्रेक दाबला, फार जोरात नाही, आणि माझ्या मागे दुपट्याखाली काहीतरी घरंगळलं. धप्प. पाळण्याच्या पुढच्या कठड्यावर.

"काय वाजलं?" हे म्हणाले.

"घंगाळाची कडी असेल."

"कडी मी बांधलीया."

"मग झाकण असेल कशाचं तरी."

मी वळून पाहिलं. पाळण्याचा कठडा आमच्या बाकाच्या पाठीपेक्षा उंच होता. त्याच्या पट्ट्या करंगळीएवढ्या जाड. त्या पट्ट्यांच्या बरोबर पुढे, वीतभर खाली, वन्संचं डोकं होतं. तिच्या मांडीवर मूल, टाळू अजून न भरलेलं. आणि मागे दगड. गाडी थांबती, सामान थांबत न्हाय. इतकी वर्षं फुकट ऐकलेलं वाक्य त्या क्षणी मला पहिल्यांदा कळलं.

कोणीही शहाणी बाई म्हणेल, मग सांगायचं की. मलाही आज तसंच वाटतं. पण सांगायचं कसं? वन्संच्या देखत म्हणायचं, की रिकामा पाळणा झुलू नये म्हणून यात दगड घातलाय? म्हणजे त्या पहिल्या मुलाचं नाव काढायचं, ज्याचं नाव दीड वर्षात कोणी काढलं नव्हतं. आणि समजा सांगितलं, यांनी वरवंटा काढला, पाळणा रिकामा झुलत टेंभुर्णीला गेला आणि पुन्हा पंधरा दिवसांनी कार्ड आलं, तर? एकदा माझ्या कमरेचा धक्का लागला होता. दुसऱ्यांदा माझ्या तोंडाचा लागेल. दगड आत राहिला तरी मी मारेकरी, बाहेर काढला तरी मीच. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात, ते मी त्या बाकावर बसून पाहिलं.

मग माझे चाळे सुरू झाले. "वन्सं, तुम्ही पुढं बसा, इथं दाटी होते."

"पुढं वारं लागतंय की, वहिनी. आई रागवंल."

"अहो, जरा हळू चालवा."

"बैलगाडी जोडू का?" हे म्हणाले.

शेवटी मी अर्धी मागे वळून बसले आणि कठड्याच्या वरून हात आत घालून दुपट्यातून वरवंटा दाबून धरला. खांद्याला रग लागली. गाडी उताराला लागली की दगड हाताखाली पुढे सरकायचा प्रयत्न करी आणि मी त्याला मागे लोटी. सीना नदीच्या पुलावर समोरून ट्रक आला, तेव्हा मी डोळे मिटले. वन्संने विचारलं, "मागं काय बघताय सारखं?" मी म्हटलं, गाठी. ती हसली. "दादाच्या गाठी कवा सुटतेत व्हय?"

मोहोळला चहाला थांबलो. आता हे बाजूला एकटे भेटले की सांगायचं, असं मी ठरवलं. पण त्यांनीच घोळ केला. "काहीतरी बोलतंय मागं," असं म्हणत ते मागे गेले, एकेक दोर ओढून पाहिला, पोत्यांवर थापट्या मारल्या, ट्रंक हलवली. पाळण्याच्या कडीला हात लावला, दुपट्याकडे बघितलं आणि सोडून दिलं.

"तू काय ठिवलंस का यात नंतर?" त्यांनी मला विचारलं.

वन्सं तिथेच उभी होती, मूल खांद्यावर टाकून त्याची पाठ थोपटत. मुलाने मोठा ढेकर दिला आणि ती इतकी खूश झाली, की माझ्या तोंडातून "नाही" निघून गेलं. आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोलले, नवऱ्याशी तर बोलावंच लागतं, पण त्या 'नाही'ची मला आजही लाज वाटते.

गाडी निघाली. मी पुन्हा हात आत घातला.

शेटफळच्या पुढे रस्ता सरळ होता आणि यांनी वेग धरला. ज्वारीची काढणी उरकली होती, शेताशेतातून कडब्याच्या गाड्या निघत होत्या. त्यातली एक बांधावरून एकदम सडकेवर आली. कडबा इतका रचलेला, की गाडीवानाला इकडचं दिसतच नव्हतं. यांनी ब्रेकवर उभं राहून गाडी थांबवली. मी पुढे आपटले, पण हात मागेच अडकला होता. वरवंटा माझ्या पंजासकट कठड्यावर येऊन बसला. एक पट्टी तुटली. तिचा तुकडा वन्संच्या डोक्यावर पडला. मूल दचकून रडायला लागलं.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट दगड आणि लाकूड यांच्यामध्ये होतं. मला हात काढता येईना. ओरडले मात्र नाही. इतकंच म्हणाले, "अहो, पाळण्यात वरवंटा आहे."

हे उतरून मागे आले. दोर सोडला, दुपटं बाजूला केलं. झबलं-टोपरं घातलेला तो दगड त्यांनी दोन्ही हातांनी उचलला, माझी बोटं मोकळी केली आणि तसेच उभे राहिले. तुटलेल्या पट्टीकडे पाहिलं, मग बहिणीच्या डोक्याकडे, मग मुलाकडे. मधली वीतभर जागा त्यांनी नजरेने मोजली, हे मला दिसलं. शिव्या देतील असं वाटलं होतं. त्यांनी धोतराच्या सोग्याची चिंधी फाडून माझी बोटं बांधली आणि हळू विचारलं, "मोहोळला इचारलं हुतं न्हवं मी?"

त्या हळू आवाजाने माझा बांध फुटला. मी सगळं बोलून टाकलं. दगड कुणी दिला, का दिला. केर काढताना पाळणा माझ्याकडून हलला होता, तेही. पहिलं पोर माझ्यामुळे गेलं, असं मी म्हणाले. वन्संच्या तोंडावर म्हणाले. म्हणून झाल्यावर तिच्याकडे बघायची हिंमत होईना.

वन्सं मुलाला पाजत होती. कडब्याची गाडी निघून गेली.

"तुमी एकदाच हालवला, वहिनी," ती म्हणाली. "मी रोज हालवत हुते. त्यो पोटात असताना. दुपारी तुमी समदी झोपला की मी जाऊन हालवायची. कसं दिसंल बगायला." मग पदराने नाक पुसलं. "आईला सांगू नगा."

दीड वर्ष आम्ही दोघी, आणि गेले काही महिने तर एका चुलीपाशी बसून, एकाच गोष्टीला भिऊन, एकमेकींपासून लपून राहिलो होतो.

हे वरवंटा हातात घेऊन उभेच होते. आयुष्यभर सगळ्यांना सामान कुठे ठेवायचं ते सांगणारा माणूस, त्या वेळी बहिणीला विचारत होता, "कुटं ठिवू?"

"खाली ठिव," ती म्हणाली. "पाळण्यात नगं."

त्यांनी तो जीपच्या तळाला, पोतं आणि ट्रंक यांच्यामध्ये खोल घातला आणि वरून वाकळ कोंबली. पाळणा पुन्हा बांधला. जास्तीचा दोर होता तेवढा सगळा वापरला. तरी मोडनिंबपासून टेंभुर्णीपर्यंत तो प्रत्येक खड्ड्याला झुललाच. वन्संने मागे पाहिलं नाही. मी मुलाच्या छातीकडे बघत बसले, वरखाली होतेय ना म्हणून. हे इतकी हळू गाडी चालवत होते, की एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला.

दोन दिवसांनी आम्ही परतलो. आत्याबाईंनी आधी वरवंटा हातात घेतला, मग माझ्या बोटांची चिंधी पाहिली. मी सांगितलं, ट्रंकेखाली सापडली. "आत व्हता न्हवं?" त्यांनी विचारलं. व्हता, मी म्हणाले. अर्ध्या वाटेपर्यंत होता, तेव्हा ते काही पुरतं खोटं नव्हतं.

खरी शिक्षा त्यानंतर सुरू झाली. पंधरा दिवस मी बोटांवर मोजले. सोळावा दिवस उजाडला तरी जीव खाली पडला नाही. आमच्याकडे वाईट बातमीच्या कार्डावर डोक्याला 'श्री' लिहीत नाहीत, त्यामुळे पोस्टमन गल्लीत शिरला की मला दारातूनच कार्डाचं डोकं बघायची सवय लागली. पण टेंभुर्णीचं कार्ड त्याच्याकडून कधी आलं नाही. ते यायचं यांच्या खिशातून, संध्याकाळी, घडी पडलेलं. पोराला सर्दी आहे. पोराला दात आला. पोर रांगतंय. दिवसभर मी इथे जीव मुठीत धरून बसते आणि हे खुशाल खिशात कार्ड घालून हिंडतात, म्हणून माझं डोकं फिरायचं. एकदा भांडलेही. त्यांनी ऐकून घेतलं.

पाऊस सरून थंडी पडली तेव्हा वन्संच्या हातचं कार्ड आलं. पोर उभं राहून चार पावलं टाकायला लागलं होतं, पाळण्यात घातलं की बाहेर उड्या घेत होतं, म्हणून पाळणा उतरवून माळ्यावर टाकला होता. मी ते चुलीपुढे बसून दोनदा वाचलं आणि हमसून हमसून रडले. किती भ्याले होते, ते मला त्या दिवशी कळलं.

हे शेजारी पाटावर बसले होते. मी नाक पुसलं आणि विचारलं, "टेंभुर्णीची कार्डं तुमच्याच खिशातून कशी येतात?"

"पोस्टमनला सांगून ठिवलंय," ते म्हणाले. "टेंभुर्णीचं असलं की गिरणीच्या फाटकावर मला दे. घरी न्यायाचं न्हाय."

"का?"

त्यांनी ताटातली भाकरी मोडली, पण घास घेतला नाही.

"काय वाईट असतं, तर तुला मी सांगितलं असतं. पोस्टमनच्या हातून नगं."

"पण तुमचा तर या गोष्टींवर विश्वास नाही."

"न्हाय की," ते म्हणाले. "पण पाळना रिकामा झुलत हुता आणि गाडी मीच चालवत हुतो."